क्लिकर घ्यावेत की मोबाईलवर भागवावं? 120 जणांच्या वर्गात सगळ्यांकडून उत्तर घेण्याबद्दल

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात तुम्ही तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवता. बी.एस्सी. भाग एकचा वर्ग 120 जणांचा. तास संपताना 'समजलं का?' विचारलं की 'हो सर' असा एका सुरात आवाज येतो आणि इंटर्नलचे पेपर तपासताना भलतंच दिसतं. प्राचार्य म्हणतात क्लिकरचा, म्हणजे मुलांनी बटण दाबून उत्तर द्यायच्या छोट्या रिमोटचा, संच घेऊ, कोटेशन मागवा. सहकारी म्हणतात मोबाईलवर फुकटात होतंय तर पैसे कशाला घालवायचे. आणि तुमची खरी काळजी वेगळीच आहे: या सगळ्यात सिलॅबस राहिला तर?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. क्लिकरचा संच घेऊ नका. पहिलं सत्र कागदी कार्डांवर काढा, ज्या खोलीत रेंज नीट येते तिथे मोबाईल वापरा, आणि एका तासाला एकच प्रश्न घ्या, फार तर दोन. सगळी मेहनत त्या एका प्रश्नावर आणि तो विचारल्यानंतरच्या आठ-दहा मिनिटांवर घाला. साधन कुठलं याने फारसं बिघडत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात एका महाविद्यालयात हे तपासून बघितलंय. भौतिकशास्त्राच्या दोन तुकड्यांना एकाच पद्धतीने शिकवलं, एकीच्या हातात क्लिकर दिले आणि दुसरीच्या हातात अक्षरं छापलेली कार्डं. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले: शिकण्यात म्हणावा असा फरक नाही.

मग साधन हवंच कशाला, हात वर करायला सांगितले की झालं, असं कुणी म्हणेल. हात वर करायला सांगितल्यावर काय होतं ते तुम्ही रोज बघताय. पहिल्या बाकावरची दोन-तीन मुलं हात वर करतात. मधले बाक माना उंचावून त्यांच्याकडे बघतात आणि मग त्यांचे हात वर जातात. गारगोटीहून पहाटेची एसटी पकडून आलेला शेवटच्या बाकावरचा मुलगा हात वर करतच नाही, कारण चुकला तर त्या चुकीचंच टोपणनाव पडायचं. आणि आपल्याकडे टोपणनाव एकदा पडलं की लग्नपत्रिकेपर्यंत सोबत येतं. मतदानाचं साधन तीन गोष्टी घडवतं. प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं, सगळ्यांना एकाच वेळी द्यावं लागतं, आणि शेजाऱ्याने काय दिलं ते दिसत नाही. या तीन अटी पाळणारं काहीही चालेल, मग ते यंत्र असो नाहीतर पुठ्ठा.

तुमच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट मिळते ती म्हणजे आकडा. त्या आकड्यावरून पुढची दहा मिनिटं काय करायचं ते ठरवता येतं, आणि माझ्या मते सगळा विषय इथेच आहे. पोल घेतला, पडद्यावर रंगीत पट्ट्या वाढल्या, मुलं 'लई भारी' म्हणाली आणि सर पुढच्या स्लाइडवर गेले, असं होत असेल तर तो पोल घेतला काय आणि न घेतला काय. म्हणून प्रश्न लिहितानाच स्वतःला विचारा: निम्म्या वर्गाचं चुकलं तर मी काय करणार, आणि सगळ्यांचं बरोबर आलं तर काय करणार? दोन्ही वेळा तुम्ही तेच करणार असाल तर तो प्रश्न फाडून टाका.

आता एक प्रश्न पूर्ण चालवून दाखवते. द्रवाचा दाब शिकवून झालाय. दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली, हे फळ्यावर लिहिलेलं आहे, पुसलेलं नाही. आता हा प्रश्न टाका.

राधानगरी धरण काठोकाठ भरलंय. भिंतीलगत, पाण्याच्या पृष्ठभागाखाली 10 मीटरवर दाब मोजला. मग गावातल्या तुडुंब भरलेल्या विहिरीत, तिथेही पृष्ठभागाखाली 10 मीटरवरच मोजला. काय आढळेल?

अ) धरणात खूप जास्त, कारण मागे 8.36 टीएमसी पाणी आहे.
ब) धरणात थोडासाच जास्त.
क) दोन्हीकडे सारखाच.
ड) विहिरीत जास्त, कारण ती अरुंद आहे.

सूत्र समोर फळ्यावर असताना वर्ग फुटतो. 'अ'ला भरपूर मतं जातात आणि ती देणारी मुलं ढ नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोज पेपरात टीएमसीचे आकडे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर पडली, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. 'एवढं पाणी मागे' म्हटलं की दाब जास्तच असणार, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की सूत्राची तिथे डाळ शिजत नाही. सूत्रात खोली आहे, पाण्याचा साठा कुठेच नाही, हे त्यांनी वाचलेलं असतं पण त्यावर विश्वास बसलेला नसतो. 'अ' हा पर्याय मी डोकं खाजवून तयार केलेला नाही, तो मुलांच्या तोंडचाच आहे. चुकीचे पर्याय असेच मिळवायचे असतात: जुन्या उत्तरपत्रिकांतून, तोंडी परीक्षेतून, प्रॅक्टिकलच्या वेळी कानावर पडलेल्या बोलण्यातून. शिक्षकाने टेबलावर बसून रचलेला चुकीचा पर्याय कुणालाच फसवत नाही.

प्रश्न मोठ्याने वाचा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तरी मुलांची उत्तरं लांबतात, कारणांसकट येतात. आपल्या प्रश्नाला तर पूर्ण मिनिट द्या, हवं तर दीड. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येकाने आपलं अक्षर लिहायचं, कुणाशी बोलायचं नाही. मग एकदम मतदान.

आकडा फक्त तुम्ही बघा. पडद्यावर दाखवू नका! पट्ट्या दिसल्या की मुलं सगळ्यात उंच पट्टीकडे सरकतात, त्या बाजूने युक्तिवाद झाला म्हणून नव्हे, तर ती उंच आहे म्हणून. यावरही अभ्यास झालाय आणि हेच दिसलंय. बऱ्याच अ‍ॅपमध्ये निकाल लपवायची सोय असते. ती तासाआधी शोधून ठेवा, ऐनवेळी सापडत नाही.

आता आकड्यानुसार तीन वाटा. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1991 पासून ही पद्धत बसवली आणि त्यांचा हिशेब साधारण असा: बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर मुलांना चर्चेला लावून उपयोग नाही, कारण कुणाकडेच धड मुद्दा नाही, संकल्पना पुन्हा वेगळ्या तऱ्हेने शिकवा. 70 टक्क्यांच्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तर मात्र लॉटरी लागली. तेव्हा एवढंच म्हणायचं: 'ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा. तीन मिनिटं.'

पहिली काही सेकंद कुजबुज, मग वर्गाचा बाजार होतो. होऊ द्या. शेजारच्या वर्गातले सर डोकावतील, त्यांना हसून दाखवा. तुम्ही फळ्यापाशी उभे राहू नका, बाकांमधून फिरा आणि ऐका. 'अरे पण एवढं पाणी ढकलतंय की मागनं!' 'ढकलतंय रे, पण आडवं. खोली किती हाय ते बघ की.' हे असलं बोलणं कानावर पडलं की समजा काम झालं. मधे पडून कोण बरोबर ते सांगू नका, चेहऱ्यावरूनही कळू देऊ नका. मुलं शिक्षकाच्या भुवया वाचण्यात तरबेज असतात.

मग दुसरं मतदान, आणि आता पट्ट्या दाखवा, दोन्ही वेळच्या शेजारी-शेजारी. बहुतेक वेळा 'क' वर चढलेला असतो. यावर शंका घ्यावी अशी जागा आहे: हुशार मुलाने सांगितलं, बाकीच्यांनी मान डोलावली, एवढंच तर नसेल? कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात नेमकं हेच तपासलं आणि 2009 मध्ये 'सायन्स'मध्ये छापलं. चर्चेनंतर मुलांना त्याच संकल्पनेवरचा पण वेगळा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. त्यातही सुधारणा दिसली, आणि ज्या गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं अशा गटांतही दिसली. म्हणजे नुसती नक्कल नव्हती.

उत्तर सांगण्याआधी अजून एक पायरी घ्या. 'अ कुणी निवडलं होतं?' असं विचारू नका, कुणी कबूल होणार नाही. त्याऐवजी विचारा, 'अ निवडणाऱ्याच्या डोक्यात काय असेल, कुणी सांगेल का?' मग ज्यांनी 'अ' दिलं होतं तीच मुलं दुसऱ्याच्या नावावर आपलं म्हणणं छान मांडतात. त्यानंतर तुमची दोन मिनिटं: 10 मीटर पाण्याने वाढणारा दाब सुमारे एका वातावरणाइतका, धरणातही तेवढाच आणि विहिरीतही तेवढाच. आणि लगेच पुढचा प्रश्न सोडा: राधानगरीचा जलाशय मागे दुप्पट लांब असता, पाण्याची उंची तेवढीच, तर भिंतीवरचं एकूण बल किती वाढलं असतं? अजिबात वाढलं नसतं. मग भिंत तळाशी रुंद का बांधतात? इथे दाब आणि बल यांतला फरक मुलं स्वतःहून बोलायला लागतात. तो फरक नुसत्या व्याख्या सांगून पोचवायचा तर त्याच दहा मिनिटांत होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

प्रश्नाच्या भाषेबद्दल एक सांगते. पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा पारिभाषिक संज्ञा पेपरात येते तीच ठेवा. पण प्रसंग मराठीत लिहा, आणि चर्चा कुठल्या बोलीत करायची हे मुलांवर सोडा. चंदगडची मुलगी आणि शिरोळचा मुलगा एकमेकांना आपापल्या बोलीत समजावतात तेव्हा विचार अडखळत नाही. इंग्रजीत बोला म्हटलं की तिथेच निम्मा वर्ग गप्प.

आता साधनांकडे वळू. मी पहिल्यांदा सुचवेन ती प्लिकर्सची कार्डं. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची एक आकृती असते, प्रत्येकाची वेगळी. कार्ड ज्या बाजूने वर धराल ते तुमचं उत्तर. कडेची अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. तुम्ही आपला फोन वर्गावरून सावकाश फिरवायचा, कॅमेरा कार्डं ओळखतो आणि उत्तरं मोजतो. मुलांना फोन लागत नाही, नेट लागत नाही. लागतं ते तुमच्या एकट्याच्या फोनला. अडचण अशी की मोठ्यात मोठा संच 63 कार्डांचा आणि तुमची मुलं 120. माझा तोडगा: दोघांत एक कार्ड. एकट्याचं उत्तर आधी वहीत लिहायचं, मग जोडीने ठरवून कार्ड वर करायचं. म्हणजे चर्चा आपोआप दोन टप्प्यांत होते, आधी बाकावरच्या शेजाऱ्याशी आणि मग मागच्या-पुढच्या जोडीशी. पहिल्या मतदानाचा आकडा त्यामुळे थोडा गढूळ होतो हे मान्य, पण मोठ्या वर्गात हा सौदा परवडतो. कार्डं जाड मॅट कागदावर छापून घ्या. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. बोटांनी कडा झाकल्या तरी तेच होतं, म्हणून कार्ड कसं धरायचं ते पहिल्या दिवशी करून दाखवा.

मोबाईलवर मेंटीमीटर, स्लायडो, वूक्लॅप अशी बरीच आहेत. फोनवर कोड टाकायचा किंवा क्यूआर स्कॅन करायचा, बस. सगळ्यांच्या फुकट योजनांना मर्यादा आहेत, कुठे माणसांची, कुठे प्रश्नांची, आणि त्या कंपन्या अधूनमधून बदलतात. म्हणून आदल्या दिवशी आपल्या खात्यात जाऊन 120 जण चालतात का ते बघा. वर्गात अर्ध्या मुलांना प्रवेशच मिळाला नाही तर तास हातातून जातो. मर्यादा नको असेल तर गूगल फॉर्म आहे. दिसायला रुक्ष, पण गोल आलेख स्वतःच काढतो आणि किती मुलं आली याची तक्रार करत नाही. दुसऱ्या मतदानासाठी दुसरा फॉर्म करून ठेवायचा.

रेंजचं मात्र आधी बघा. आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या दगडी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि सिग्नल अडवतात. खोलीतलं एकच साधं वाय-फाय यंत्र 120 फोन एकदम आले की गळाठतं. पोलला डेटा नगण्य लागतो, अडतं ते सगळे एकाच क्षणी जोडायला गेल्यामुळे. म्हणून तास सुरू होतानाच, हजेरी चालू असताना, जोडून घ्यायला सांगा. ज्यांचं नेट पॅक संपलंय किंवा ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना 'शेजाऱ्याबरोबर मिळून द्या' हे सगळ्या वर्गाला मिळून सांगा, म्हणजे कुणाला हात वर करून 'माझ्याकडे नाही' म्हणावं लागत नाही. ही बारीक गोष्ट वाटेल, पण फोन नसलेल्या मुलीने पहिल्या दिवशी मान खाली घातली तर पुढे ती वर्गात बोलणार नाही.

पावसाळ्यात लाइट गेली तर? चार बोटं. एक म्हणजे अ, चार म्हणजे ड, हात छातीशी धरायचा, डोळे समोर. पटकन नजर टाकून अंदाज येतो. आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांच्या वर्गात 'आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांत' ही पद्धत वापरून मुलं कामात आहेत की नाही याच्या नोंदी घेतल्या होत्या. सरासरी 83 टक्के मुलं गुंतलेली आढळली. त्या पद्धतीला यंत्राची अटच नाही, वही-पेन पुरतं.

काहूट या क्विझच्या अ‍ॅपबद्दल मुलं मागे लागतील. मजा येते, संगीत वाजतं, खासबागेत कुस्ती लागल्यासारखा आरडाओरडा होतो. पण त्यात गुण वेगाला मिळतात. जो थांबून विचार करतो तो हरतो, आणि आपल्याला तर थांबून विचार करायलाच शिकवायचंय. धडा संपल्यावर उजळणीला, संज्ञा आणि एककं पाठ आहेत का बघायला, खुशाल वापरा. राधानगरीचा प्रश्न काहूटवर घालू नका.

शब्दांचा ढग (वर्ड क्लाउड: मुलांनी लिहिलेले शब्द पडद्यावर, जास्त वेळा आलेला मोठा) हा प्रकार तर मला अजिबात आवडत नाही. प्रशिक्षण शिबिरांत तो हटकून दाखवतात. दिसतो छान, त्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. शिवाय नाव न देता लिहायला मिळालं की बी.एस्सी. भाग एकचा वर्ग काय लिहील ते सांगायला नको. अ‍ॅपमधली गाळणी इंग्रजी शिव्या पकडते. कोल्हापुरी शिव्या पकडण्याची अपेक्षा तिच्याकडून करणं अन्याय आहे. मोकळी उत्तरं घ्यायचीच असतील तर आधी तुमच्या स्क्रीनवर येतील आणि निवडलेलीच पडद्यावर जातील अशी सोय चालू ठेवा.

हजेरी आणि गुण यांना हे जोडू नका. तुम्हाला मोह होईल, कारण हजेरी आयती मिळते. पण हजेरी जोडली की कोड व्हॉट्सअ‍ॅपवर रंकाळ्यावर बसलेल्या मित्राला पोचतो. आणि बरोबर उत्तराला गुण ठेवले की चर्चा मरते: जोडीतला हुशार सांगतो, दुसरा लिहितो. अमेरिकेत खगोलशास्त्राच्या वर्गांमध्ये मुलांची बोलणी रेकॉर्ड करून बघितली तेव्हा नेमकं हेच दिसलं. बरोबर उत्तराच्या गुणांचं वजन जास्त होतं त्या वर्गात एकच जण बोलत राहायचा, कमी होतं तिथे दोघे बोलायचे. गुण द्यावेच लागत असतील तर भाग घेतल्याबद्दल द्या, उत्तर चूक असो की बरोबर. नाव, फोन नंबर, ईमेल काही मागू नका. रोल नंबरही फक्त गरज असेल तरच. मुलांची माहिती परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर जाणार असते आणि 2023 साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झालाय. न घेतलेली माहिती सांभाळावी लागत नाही.

सिलॅबसचं आता. एक प्रश्न नीट चालवला तर आठ-दहा मिनिटं जातात, हे खरं आहे. ती कुठून काढायची? नोट्स सांगण्यातून काढा. 'पॉइंट नंबर एक, लिहून घ्या' यात आपल्या तासाचा केवढा भाग जातो ते एकदा घड्याळ लावून बघा. त्या नोट्स छापून किंवा पीडीएफ करून आधीच द्या. 2014 साली अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या 225 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं होतं. मुलं स्वतः काही करतात अशा वर्गांत परीक्षेतले गुण सरासरी सुमारे सहा टक्क्यांनी जास्त, आणि नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण दीडपट. प्राचार्यांना आकडा हवा असेल तर हा द्या.

मुलांची तक्रार मात्र येईल: 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.' ती येणार हे गृहीत धरा. हार्वर्डमध्येच 2019 मध्ये हे मोजलंय. सक्रिय वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली आढळली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्याचा भास होतो; स्वतः डोकं चालवताना अडखळायला होतं आणि अडखळणं म्हणजे न कळणं असं वाटतं. हे मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगून टाका. विद्यार्थी अभिप्रायाच्या फॉर्मवर तुमची पुढची नेमणूक अवलंबून असेल तर आणखीच स्पष्ट सांगा.

तुमच्या सहकाऱ्यांनी विचारलंय की हे विज्ञानातच चालतं का. नाही. अर्थशास्त्रात विचारा: गुळाचा भाव चढला तर साखर कारखान्यांना होणाऱ्या उसाच्या पुरवठ्याचा वक्र सरकेल, की आपण त्याच वक्रावर वर-खाली जाऊ? करवीर तालुक्यात ज्यांच्या घरचं गुऱ्हाळ आहे ती मुलं या प्रश्नावर हिरिरीने बोलतात आणि 'वक्र सरकणं' आणि 'वक्रावर सरकणं' यांतला घोळ तिथेच सुटतो. इतिहासात तर याहून रंगतं. शाहू महाराजांचा 26 जुलै 1902चा आदेश मुलांना पाठ असतो: मागासवर्गीयांना 50 टक्के जागा. आता आदेशाचा मजकूर वाचायला द्या आणि विचारा: आदेश लागू झाला त्याच दिवशी दरबारातल्या निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांकडे गेल्या का? निम्मा वर्ग हो म्हणेल. आदेशात शब्द आहेत ते यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांबद्दल. एवढ्या एका फरकावर 'मग बदल दिसायला किती काळ लागला असेल, आणि तो कुठल्या कागदपत्रांत शोधायचा?' इथपर्यंत चर्चा जाते. सनावळीचा प्रश्न विचारला असता तर सगळ्यांनी 'ब' दाबलं असतं आणि तास पुढे सरकला असता.

नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी स्क्रीनशॉट ठेवायचे तर ठेवा, त्यात गैर काही नाही. त्याहून जास्त कामाची एक साधी वही आहे: प्रश्न, तारीख, पहिल्या आणि दुसऱ्या मतदानाचे आकडे, आणि कानावर पडलेली एखादी ओळ. ज्या प्रश्नाला दोन वर्षं सलग 90 टक्के बरोबर आले तो काढून टाका. ज्यात चर्चेनंतर चुकीचं उत्तरच वाढलं त्यावर तांबडी खूण करा. बहुधा प्रश्नाची वाक्यरचना फसवी असते, आणि कधीकधी आपलं शिकवणंच. विभागातल्या दोघा-तिघांनी अशी वही एकत्र केली तर दोन सत्रांत चांगला साठा होतो.

प्राचार्यांना 'क्लिकर नको' एवढंच सांगितलंत तर निधी दुसऱ्या विभागाकडे जाईल. म्हणून मागणी बदलून द्या: मोठ्या खोलीसाठी शंभरावर फोन झेपणारं वाय-फाय यंत्र, कॉलरला लावायचा माइक, आणि कार्डांच्या छपाईचा खर्च. माइक विसरू नका, बाजार भरलेल्या वर्गाला तीन मिनिटांनी परत गप्प करायला तोच उपयोगी पडतो. पहिला प्रयोग आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा, शेवटच्या तासाला नको; शेवटच्या तासाला मुलांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं आणि दुसरं मतदान व्हायच्या आत मागचे दोन बाक रिकामे होतात.